अमेरिकेहून आलेले कार्ड आणि जेलरोडचे घर

संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी कोणते कार्ड घ्यावे, हा प्रश्न २००६ च्या सुमारास नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानांत सर्रास विचारला जात असे. मी तेव्हा अशाच एका दुकानात जोडणी आणि दुरुस्तीचे काम पाहत होतो. गिऱ्हाईक कंपनीचे नाव विचारी आणि विक्रेताही बहुधा कंपनीचेच नाव सांगून मोकळा होई. या निवडीचा निर्णय दुकानात होऊच शकत नाही, असे माझे ठाम मत होते. घरातल्या संगणकाच्या मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पट्टीवर, कार्ड खोचायचा कोणता स्लॉट आहे, भिंतीतून येणारी केबल कोणत्या पद्धतीचा सिग्नल आणते आणि प्लगला अर्थिंग आहे की नाही, एवढे पाहिल्यावरच कार्डाचे नाव घेण्यात अर्थ असतो. नाशिकच्याच जेलरोडवरील एका घरी या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी समोर आल्या, म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटते.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी करणारे एक काका दुकानात आले. त्यांच्या पुतण्याने अमेरिकेहून एटीआय कंपनीच्या ऑल-इन-वंडर मालिकेतले कार्ड पाठवले होते. ग्राफिक्स आणि टीव्ही ट्यूनर (वाहिनी पकडणारा भाग) एकाच पट्टीवर असलेले ते कार्ड खरोखरच देखणे होते. काकांची पाळी अनेकदा दुपारची असे, त्यामुळे सह्याद्री वाहिनीवरील शास्त्रीय गायनाचे कार्यक्रम त्यांना आपल्या गैरहजेरीत ध्वनिचित्रमुद्रित करून हवे होते. अभियांत्रिकीला असलेल्या मुलाला ऑटोकॅडमधले त्रिमितीय आराखडे फिरवताना संगणक अडखळतो, ही तक्रार होती. "भाऊ, एकाच कार्डात बापलेकाचं दोघांचं भागणार असेल, तर आजच बसवून द्या," असे ते म्हणाले.

मी कार्ड हातात घेतले आणि आधी त्यावरचा ट्यूनरचा पत्र्याचा डबा पाहिला. त्याच्या चिकटपट्टीवर एफआय १२३६ असा क्रमांक होता. फिलिप्सच्या या ट्यूनरांमध्ये १२३६ हा टीव्ही सिग्नलच्या अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीसाठी आणि १२१६ हा आपल्याकडच्या पाल-बी/जी पद्धतीसाठी असे. तेव्हा अमेरिकेत चित्र ५२५ रेषांचे आणि भारतात ६२५ रेषांचे असे. तिथे आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर, तर आपल्याकडे ५.५ मेगाहर्ट्झवर असे. सॉफ्टवेअरमध्ये देशाचे नाव बदलल्याने डब्यातले फिल्टर बदलत नाहीत. म्हणजे आपल्या केबलवर या ट्यूनरचा उपयोग नव्हता. हे काकांना सांगणे जड गेले, कारण पुतण्याने ते मोठ्या प्रेमाने पाठवले होते. तरी घरी येऊन संगणक पाहतो आणि मगच काय घ्यायचे ते सांगतो, असे त्यांना म्हणालो.

त्याच दुपारी द्वारका चौकावरून पुणे रस्त्याने जेलरोडला पोहोचलो. कॅबिनेट उघडले, तेव्हा दुसरी अडचण दिसली. मदरबोर्ड इंटेलच्या ८४५जीएल चिपसेटचा (बोर्डाचे काम सांभाळणाऱ्या मुख्य चिपांचा संच) होता. त्यात ग्राफिक्स अंगभूत असून एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचा खास स्लॉट दिलेलाच नसतो. ज्या जागी तपकिरी स्लॉट असायला हवा, तिथे रांगेने बुजवलेली रिकामी छिद्रे होती. त्याच्याच सख्ख्या ८४५जी चिपसेटवर मात्र एजीपी मिळते. नावातल्या एका अक्षराचा हा फरक विकताना कोणी समजावून सांगत नसे आणि पुढे कार्ड वाढवायची वेळ आली की घरातला माणूस अडके. ही त्या काळातल्या स्वस्त संगणकांच्या विक्रीतली मोठी उणीव होती, असे मला आजही वाटते. ८४५जीएलचे अंगभूत ग्राफिक्स पडद्यासाठी लागणारी मेमरी मुख्य रॅममधूनच घेते आणि त्रिमितीय आकृतीतील प्रत्येक बिंदूची जागा काढण्याचे गणित प्रोसेसरवर ढकलते. मुलाचा आराखडा अडखळत होता तो यामुळे.

तिसरी गोष्ट मी शोधायला गेलो नव्हतो. कॅबिनेटची बाजू काढताना बोटांना झिणझिण्या आल्या. टेस्टर मागच्या स्क्रूला लावला, तर त्यातला दिवा मंद पेटला. केबलची मोकळी वायर टेबलामागे लोंबत होती. तिची बाहेरची जाळी आणि कॅबिनेटचा पत्रा यांमध्ये मल्टिमीटर लावला, तेव्हा आकडा शंभर व्होल्टच्या वर गेला. काका शेजारीच उभे होते आणि तो आकडा पाहून त्यांनी नकळत मुलाला मागे ओढले.

याचे कारण गूढ नाही. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला बहुधा झिणझिण्यांवर निभावते, पण ट्यूनरची गोष्ट वेगळी आहे. चालू संगणकात केबल खोचताना मधली तार आधी टेकली, तर तो सगळा फरक ट्यूनरच्या नाजूक प्रवेशभागातून वाट काढतो. "कार्ड आठवड्यात गेले" म्हणून दुकानात परत येणाऱ्या अनेक कार्डांमागे हेच असे आणि दोष मात्र कार्डाच्या माथी मारला जाई.

भिंतीतला बोर्ड उघडून पाहिला. तीन पिनांच्या सॉकेटच्या वरच्या जाड पिनेच्या टर्मिनलला तारच नव्हती. बिटको चौकाजवळच्या एका ओळखीच्या वायरमनला बोलावून घेतले. त्याने मीटरच्या पेटीपासून हिरवी तार ओढून दिली, तोवर संध्याकाळ झाली होती. पुन्हा मोजले, तेव्हा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यातला आकडा नगण्य झाला होता. या कामाआधी कोणतेही कार्ड बसवायला मी तयार नव्हतो आणि काकांनीही घाई केली नाही.

त्यानंतर निवड करणे सोपे झाले. मॉनिटरला बाहेरून लावायचा टीव्ही बॉक्स स्वस्तात मिळत होता आणि तो संगणक बंद असतानाही चालतो, पण त्यात ध्वनिचित्रमुद्रण होत नाही, म्हणून तो बाद केला. ८६५जी चिपसेटचा मदरबोर्ड सुचवला. त्यावर जुना सेलेरॉन प्रोसेसर आणि जुनी डीडीआर रॅम तशीच चालली आणि एजीपी स्लॉटही मिळाला. त्या स्लॉटमध्ये अमेरिकेचे कार्ड निव्वळ ग्राफिक्स कार्ड म्हणून बसवले. पुतण्याची भेट पेटीत पडून राहिली नाही, याचे काकांना फार समाधान वाटले. टीव्हीसाठी पाल-बी/जी ट्यूनर असलेले पीसीआय या साध्या स्लॉटात बसणारे कार्ड वेगळे घेतले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अमेरिकेच्या कार्डाचा टीव्हीचा भाग बंद केला, नाहीतर सॉफ्टवेअर नेमके चुकीचे साधन पकडते.

मुद्रणाचे गणित मात्र काकांना कागदावर मांडून दाखवावे लागले. ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे चित्र सेकंदाला २५ वेळा जसेच्या तसे साठवले, तर सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट आणि तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते. त्यांची हार्ड डिस्क ४० गिगाबाइटची होती. म्हणून प्रोसेसरकडून चित्र जागेवरच एमपीईजी-२ या कमी जागेच्या रूपात दाबून घेणे भाग होते. सेकंदाला ६ मेगाबिटचा दर ठेवला, तर तासाला २.७ गिगाबाइट पुरतात. डिस्क फाइली साठवण्याच्या एफएटी३२ पद्धतीची होती आणि त्यात एक फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जात नाही. त्यामुळे मैफल दीड तासाच्या आसपास मध्येच तुटली असती. म्हणून डिस्कचा तो भाग एनटीएफएस पद्धतीत बदलून घेतला. चित्र दाबण्याचे काम स्वतः करणारा हार्डवेअर-एन्कोडरसहचा महागडा ट्यूनर घेण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

पहिल्यांदा चित्र लागले, तेव्हा त्यात एक फिकट आडवा पट्टा हळूहळू वर सरकत होता. घराचे अर्थिंग आणि खांबावरच्या केबल ॲम्प्लिफायरचे अर्थिंग यांच्यात फरक पडला की जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि चित्रात असा पट्टा उमटतो. काकांना वाटले, नवे कार्ड सदोष निघाले. मी केबल आणि कार्ड यांच्यामध्ये जास्त व्होल्टचे दोन छोटे सिरॅमिक कपॅसिटर, एक मधल्या तारेत आणि एक जाळीत, असे जोडलेला तुकडा बसवला. टीव्हीचा उच्च कंपनांचा सिग्नल त्यातून आरपार जातो आणि ५० हर्ट्झचा प्रवाह अडतो. पट्टा गेला.

राहिला प्रश्न भारनियमनाचा. त्या वर्षी वीज जाण्याच्या वेळा ठरलेल्या असत, पण यूपीएस अख्खा कार्यक्रम तग धरेल इतका मोठा नव्हता. त्यामुळे काका आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून, वीज असणाऱ्या वेळेतलेच मुद्रण लावून पाळीला जात. नाशिकमध्ये केबल डिजिटल करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. त्यानंतर थेट केबल लावण्याची सोय संपल्यावर त्यांनी मला फोन केला, तेव्हा सेट-टॉप बॉक्सची पिवळी वायर त्याच पीसीआय कार्डाच्या व्हिडिओ इनपुटला आणि आवाजाच्या वायरी साउंड कार्डाला लावायला सांगितल्या. मुद्रण पूर्वीसारखे सुरू राहिले, फक्त वाहिनी आता बॉक्सवर आधी लावून ठेवावी लागे.