उपासनेतून घरापर्यंत: आमची वाटचाल

उपासनेचं ध्वनिमुद्रण घ्यायचं, ते नीट करायचं आणि मंडळीला त्याच्या प्रती काढून द्यायच्या, हे आमच्या छोट्या व्यवसायाचं काम. या प्रती मुख्यतः आजारपणामुळे किंवा वयामुळे चर्चला येऊ न शकणाऱ्यांकडे जातात. त्यांच्याकडचा प्लेअर बहुधा जुना असतो आणि डिस्क अडली तर ती सोडवणारं कुणी जवळ नसतं. म्हणून सगळ्यात जुन्या प्लेअरवरही पहिल्याच वेळी वाजेल, तीच प्रत आम्ही पूर्ण झाली असं मानतो.

सुरुवात कॅसेटची. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, त्यामुळे चाळीस मिनिटांचं प्रवचन मध्येच तुटायचं. सी-९० मध्ये ते एका बाजूला मावतं, पण तिची फीत पातळ, ती लवकर ताणते आणि गुंतते. सोळापट वेगाच्या कॉपी मशीनवर दोन्ही बाजू एकदम उतरतात आणि सी-६० दोन मिनिटांच्या आत होते. हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज उतरवणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं नाही किंवा त्याचा कोन किंचित सरकला, की सगळ्यात आधी ‘स’ आणि ‘श’ दबतात. ज्याला कमी ऐकू येतं त्याचा शब्द तिथेच हरवतो. शिवाय प्रतीवरून काढलेल्या प्रतीत खरखर वाढत जाते.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, पण आमच्यासारख्यांच्या हाती ती लागली राइट करता येणाऱ्या डिस्क आणि रायटर स्वस्त झाल्यावर. कारखान्यात साचा करून छापलेली सीडी जास्त टिकाऊ असते, मात्र साच्याचा खर्च पाचशे-हजार प्रतींखाली परवडत नाही. मंडळीला लागतात वीस, पन्नास, फार तर दोनशे. त्यामुळे आम्ही बर्न करण्याचा, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लेझरने एकेक प्रत लिहिण्याचाच मार्ग धरला.

डिस्कचा दर्जा बर्न करण्याच्या कितीतरी आधी, मिक्सरवर ठरतो. सभागृहात ढोलक, पेटी आणि लोकांचं गाणं थेट कानावर पडतं, म्हणून मिक्सर चालवणारा ते स्पीकरवर कमीच ठेवतो. तोच मुख्य आउटपुट रेकॉर्डरला दिला, की प्रवचन ठणठणीत आणि गाणी पोकळ. यावर उपाय म्हणजे रेकॉर्डिंगसाठी वेगळा ऑक्स सेंड, म्हणजे मिक्सरमधून निघणारा स्वतंत्र पातळीचा जादा आउटपुट. तो फेडरनंतरचा (माइकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या पुढचा) घ्यावा, म्हणजे बंद केलेला माइक रेकॉर्डिंगमध्येही बंद राहतो. त्यात मंडळीच्या आवाजासाठी दोन माइक हळू पातळीवर मिसळावेत. सलग गुणगुण येत असेल तर बहुतेक वेळा दोष दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये असतो. दोघांमधल्या आवाजाच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की ती जाते. अर्थिंगची पिन तोडणं हा उपाय नव्हे, त्यात जिवाला धोका आहे. आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत. पाळक एखाद्या वाक्यावर अचानक आवाज चढवतात आणि शून्याला, म्हणजे रेकॉर्डरच्या कमाल पातळीला, आदळून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

संपादनात ८० हर्ट्झखालची घरघर कापतो, लांबलेल्या शांतता आखडतो आणि पातळी सारखी करतो. प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये लोकांची नावं, आजार, घरच्या अडचणी येतात. तो भाग पाळकांना विचारल्याशिवाय प्रतीत जात नाही. सभागृहात विश्वासाने बोललेलं अनोळखी हाती पडू नये, याबाबत आम्ही काटेकोर आहोत.

ऑडिओ सीडीसाठी फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ हवी. व्हिडिओ कॅमेऱ्याचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा असतो, तो आधी बदलून घ्यावा लागतो. ८० मिनिटं ही कमाल मर्यादा. आम्ही ७८ वर थांबतो, कारण कडेच्या शेवटच्या भागात जुने प्लेअर अडखळतात. प्रवचनाचे पाच-पाच मिनिटांचे ट्रॅक पाडतो, कारण साधा प्लेअर कुठे थांबलो हे लक्षात ठेवत नाही. इथे एक नेहमीचा घोळ होतो: ‘ट्रॅक ॲट वन्स’ पद्धतीने बर्न केलं, तर दर ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता वाक्याच्या मधोमध येते. ‘डिस्क ॲट वन्स’ (सगळी डिस्क एका दमात लिहिणं) निवडावं आणि मधलं अंतर शून्य ठेवावं. तरीही जोडावर टिक ऐकू आली, तर ट्रॅकची हद्द सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाच्या पटीत नसते आणि सॉफ्टवेअरने उरलेली जागा शांततेने भरलेली असते. अखंड वेव्ह फाइल आणि सोबत क्यू शीट (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो याची यादी) दिली की हा प्रश्न येत नाही.

पुढचं काम टॉवरचं, म्हणजे एकदम अनेक प्रती काढणाऱ्या यंत्राचं: एक रीडर, सात रायटर, एक कंट्रोलर. मास्टर (जिच्यावरून प्रती काढायच्या ती मूळ डिस्क) आधी टॉवरच्या हार्ड डिस्कवर घेतो. रायटर ५२ पट वेग दाखवतो, आम्ही १६ किंवा २४ वर ठेवतो. तासाभराची सीडी १६ पटीने साधारण पाच मिनिटांत होते. शंभर प्रतींना पंधरा फेऱ्या, म्हणजे डिस्क काढण्या-घालण्यासह दीड तास. दोष कुठे आहे हे नापास डिस्कच सांगतात. एकच रायटर पुन्हा पुन्हा चुकतो, तर त्याची लेझर थकली आहे. एकाच फेरीत तीन-चार गेल्या, तर डिस्कची खेप किंवा वीजपुरवठा तपासावा. सगळ्या शेवटाकडे अडतात, तर कडेला धूळ किंवा बोटांचे ठसे असतात, कारण सीडी आतून बाहेर लिहिली जाते. म्हणूनच प्रत्येक फेरीतली एक डिस्क जुन्या प्लेअरवर लावून तिचा शेवटचा ट्रॅक ऐकतो.

सीडीची माहिती वरच्या, नावाच्या बाजूला पातळ लाखेखाली असते. त्या बाजूचा ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक. कागदी लेबल तर लावूच नये: ते थोडं जरी तिरकं बसलं तरी डिस्क फिरताना थरथरते. आम्ही इंकजेटने छापता येणाऱ्या पांढऱ्या डिस्क वापरतो. आधी बर्न करतो आणि मग छापतो, म्हणजे नापास डिस्कवर शाई वाया जात नाही.

डीव्हीडीत जागेचा हिशोब महत्त्वाचा. ४.७ जीबीत दोन तास बसवायचे तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट मिळतात. नियमाने १० पर्यंत जाता येतं, पण बर्न केलेल्या डिस्कवर आठच्या वर गेलं की जुने प्लेअर अडकतात. आवाज अनकंप्रेस्ड ठेवला तर तोच दीड मेगाबिट खातो. त्याऐवजी डॉल्बी डिजिटल १९२ किलोबिट बोलण्याला पुरतं. मेनू न ठेवता डिस्क घातली की थेट उपासना सुरू व्हावी, हे आम्ही आग्रहाने सुचवतो.

गाण्यांचं एक सांगायला हवं. उपासनेत गाणं गायची मुभा असली म्हणजे त्याच्या प्रती वाटायचीही मुभा असते, असं नाही. प्रतींसाठी वेगळी परवानगी लागते आणि चित्रासोबत वाटायचं तर बहुधा आणखी एक. ती नसेल तर फक्त प्रवचनाची डिस्क काढतो.

आता प्रवचनमाला मागणारे बरेच जण एमपी३ डिस्क किंवा पेन ड्राइव्ह घेतात. ६४ किलोबिट मोनोमध्ये ७०० एमबीच्या सीडीवर जवळपास २४ तासांचं बोलणं मावतं, मात्र ती साध्या ऑडिओ सीडी प्लेअरवर वाजत नाही, म्हणून घरी कोणता प्लेअर आहे हे आधी विचारतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करतो. अनेक स्वस्त प्लेअर फाइली नावाच्या क्रमाने नव्हे, तर ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. त्यामुळे ०१, ०२ असे आकडे देऊनही फाइली एकेक करून, क्रमानेच ड्राइव्हवर टाकतो.