डाव्या हाताला बीपी लागत नाही

निपाणीत सोनोग्राफी म्हणजे बहुतेक पोटदुखी, मुतखडे आणि गरोदर बायका. मानेवर प्रोब क्वचितच जातो. त्यामुळे तिशीच्या आतली एक विडी कामगार बाई ‘डाव्या हाताला बीपी लागत नाही’ अशी चिठ्ठी घेऊन आली, तेव्हा मला बरंच वाटलं. आधी म्हणे मशीनच बदलून बघितलं होतं.

“विड्या वळताना हात भरून यायलाय डॉक्टर. जरा थांबलं की बरं वाटतंय.”

“वाताचं असंल,” सासूबाई.

दोन्ही मनगटं धरली. उजवी नाडी ठणठणीत, डावी जेमतेम. वरचं बीपी उजवीकडे १५०, डावीकडे ९०.

मानेतल्या कॅरोटिडची, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीची, भिंत या वयात एक मिलिमीटरच्या आत हवी. हिची दोनच्या वर, आणि आडव्या छेदात चहूबाजूंनी सारखी जाड, गुळगुळीत कडं घातल्यासारखी. उतारवयातली चरबी अशी बसत नाही. ती एका कडेला, ओबडधोबड साचते. या चित्राला मॅकरोनी साइन म्हणतात आणि ते दिसलं की टाकायासू आर्टरायटिस मनात यायलाच हवा. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येणारा हा आजार जास्त करून चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो. १९०८ साली त्याची नोंद केली ती मिकितो टाकायासू या जपानी डोळ्यांच्या डॉक्टरांनी.

मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. महाधमनीचं मूळ रुंदावलेलं, झडप थोडी गळती. पण खरी गंमत गळ्याच्या खळगीतून दिसते: मान मागे टाकून प्रोब तिथे टेकवला की महाधमनीची कमान आणि डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीचं तोंड समोर येतं. हिचं तोंड आवळलेलं होतं. घाईघाईच्या इकोत नेमका हाच व्ह्यू गाळतात, आणि त्यावरून माझी अनेकांशी भांडणं झालीत. पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्याही बघितल्या, कारण बीपी तिथूनही चढतं. गॅसमुळे निम्मं झाकलेलं. छातीत खाली उतरणारा भाग तर फुफ्फुसातल्या हवेआड जातो. म्हणून सीटी अँजिओ, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन, लिहून दिली.

“ईएसआर नॉर्मल आहे की,” नवऱ्याने कागद पुढे केला. ईएसआर म्हणजे अंगातल्या सुजेचा अंदाज देणारी रक्ततपासणी. तो नॉर्मल असूनही सूज चालू असू शकते, हे समजावायला सोनोग्राफीपेक्षा जास्त वेळ गेला.

बेळगाव की कोल्हापूर यावर बाहेर बाकड्यावर चर्चा रंगली. शेवटी मावशी राहते म्हणून मिरज ठरलं. मी फाइलवर कन्नड आणि मराठीत ठळक लिहून दिलं: बीपी उजव्याच हातावर बघा.