बॉनेट लावून बघा

फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, जरा तिरका आलेला. त्यात मशीनच्या बिघाडाच्या कोडच्या तीन ओळी: एसपीएन 157, एसपीएन 100, एसपीएन 102 (एसपीएन म्हणजे तक्रार कशाची, त्याचा नंबर). तिन्हींपुढे एफएमआय 4, म्हणजे बिघाड कुठल्या प्रकारचा, त्याचा नंबर. पहिल्या भेटीत मी फोटो काढला, वरची ओळ धरली आणि खालच्या दोन 'जुन्या असतील' म्हणून पुसून टाकल्या.

साताऱ्याकडची दगडखाण. वीस टनी पोकलेन, पुढे ब्रेकर, म्हणजे दगड फोडणारा हातोडा. (साखळीवरच्या कुठल्याही मशीनला आमच्याकडे पोकलेनच म्हणतात, कंपनी कुठलीही असो.) तक्रार अशी, की तास-दोन तास ब्रेकर चालला की इंजिन बसतं. आरपीएम 1400 च्या वर जात नाही, पॅनेलवर दिवा लागतो. बंद करून चालू केलं की पुन्हा ठीक.

157 म्हणजे कॉमन रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, डिझेलचा दाब. भार आला की तो 1000 बारच्याही बराच वर जातो. तो कळेनासा झाला की इसीएम (इंजिनाचा कंप्युटर) इंजिनाला जपायला ताकद कापतं. मी रेलचा सेन्सर बदलला, कोड पुसले, बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास मशीन चालवून बघितलं. लाइव्ह डेटात दाब छान दिसत होता. रिपोर्टवर शेठची सही घेतली.

ऑपरेटर मागेच उभे होते. पन्नाशीचे, जालन्याकडचे. म्हणाले, "साहेब, बॉनेट उघडं असलं की ही बसतच नाही. मी एक दिवस तशीच चालवली, संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. पण धूळ जाते म्हणून शेठ ओरडले."

मी म्हणालो, "गरम होत असेल काका. रेडिएटर साफ करून घ्या."

तिसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा बसलं. शेठनी परस्पर ठरवलं की डिझेलच खराब आहे. टाकी रिकामी केली, फिल्टर बदलले. डिझेल खराब, म्हणजे ऑपरेटर भेसळ करतो, म्हणजे तो डिझेल विकतो, असं गणित त्यांनी मांडलं. खाणीवर मशीन रुसलं की पहिला संशय ऑपरेटरवर, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता चीड येते. काकांना काढलं आणि पंधरा दिवसांचा पगार अडकवला. नवा ऑपरेटर, नवं डिझेल, आणि इंजिन बसलं ते बसलंच. मग मला फोन.

खाणीवर जायच्या आदल्या रात्री तो फोटो पुन्हा उघडला. एफएमआय 4 म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज असायला हवं त्याच्या खाली. 100 हा ऑइलच्या दाबाचा, 102 हा बूस्टचा, म्हणजे टर्बोनं इंजिनात ढकललेल्या हवेच्या दाबाचा. तीन सेन्सर इंजिनाच्या तीन कोपऱ्यांत. ते एकाच वेळी, एकाच प्रकारे खराब होत नाहीत. पण या इंजिनात तिघांनाही इसीएमकडून येणारा 5 व्होल्टचा पुरवठा एकच आहे. ती वायर कुठे अर्थला, म्हणजे मशीनच्या लोखंडाला, टेकली तर तिघंही एकदम खाली जातात. रेलचा कोड चटकन नोंदला जातो, बाकीचे दोन जरा सावकाश. म्हणून 157 पुढे मोजणी (कोड किती वेळा आला ती) 9, आणि खालच्या दोघांपुढे 4 आणि 3. सगळं त्या फोटोत होतं. पण आमच्या रिपोर्टच्या फॉर्मात पार्ट नंबरला रकाना आहे, ऑपरेटर काय म्हणाला त्याला नाही. वर्कशॉपमध्येही विचारतात ते कुठला पार्ट बसवला एवढंच.

दुसऱ्या दिवशी खाणीत रेल सेन्सरच्या कपलरवर (वायरींच्या प्लगवर) त्या पुरवठ्याचे व्होल्ट बघायला मल्टीमीटर लावला. 4.98. वायरिंग हातानं हलवून बघितलं, 4.98. ब्रेकर चालवायला लावला, तरी 4.98. तासभर गेला. शेवटी काकांना फोन लावला. पलीकडे दुसऱ्या कुठल्या तरी मशीनचा आवाज येत होता.

"बॉनेट लावून बघितलं का?" एवढंच विचारलं त्यांनी.

नव्हतं बघितलं. आम्ही सगळे बॉनेट उघडूनच तपासतो, त्याशिवाय हात कुठे पोचणार? कपलरच्या मागून पिना घातल्या, मीटरच्या वायरी लांब करून फटीतून बाहेर काढल्या आणि बॉनेट लावलं. ब्रेकर दगडावर बसला. सातव्या-आठव्या ठोक्याला आकडा 0.3 वर आला आणि इंजिन बसलं.

इंजिन बंद करून चावी ऑन ठेवली, आणि बॉनेटवर वरून तळव्यानं एकेक ठिकाणी दाबत गेलो. मागच्या डाव्या कोपऱ्यावर दाबलं की 0.3, सोडलं की 4.98. एखादा सेन्सरच आतून शॉर्ट नाही ना, म्हणून तिन्ही कपलर काढून पुन्हा दाबलं. तरी 0.3. म्हणजे वायरच.

बॉनेट उघडून आतून टॉर्च मारला. बॉनेटच्या खालच्या पट्टीवर रुपयाच्या नाण्याएवढा रंग उडून लोखंड चकचकीत झालं होतं. बरोबर त्याखाली हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) काळ्या नळीला भोक, आणि आत एका वायरीचं तांबं उघडं पडलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. हार्नेसला खाली धरून ठेवणारा क्लॅम्प जागेवर नव्हता, नुसतं बोल्टाचं भोक. मागे कुणीतरी इंजेक्टरचं काम केलं होतं, तेव्हा काढला आणि परत लावला नाही. असं काम करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही.

वायर जोडली, सोल्डर केली, दोन थर स्लीव्ह चढवली, नवा क्लॅम्प लावून हार्नेस दोन बोटं खाली घेतला. बॉनेट लावून चार तास ब्रेकर चालवला. आकडा 4.98 वरून हलला नाही.

रिपोर्टमध्ये 'शेरा' या रकान्यात लिहिलं: बिघाड वायरिंगचा, डिझेलशी संबंध नाही, ऑपरेटरने पहिल्या भेटीतच अचूक लक्षण सांगितलं होतं, सेन्सर मी विनाकारण बदलला. शेठनी वाचलं. पगाराचं विचारल्यावर "बघू" म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा फोन केला, तेव्हाही "बघू".

त्या संध्याकाळी रिपोर्टचा फोटो काकांना पाठवला होता, सोबत फोनही केला, माफी मागितली. पगाराबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "कुठला कोपरा होता, साहेब? मागचा डावा ना? तिथं टक टक आवाज यायचा."