पावसाच्या नोंदवहीतील तारखा आणि त्यांचे आकडे

लातूर जिल्ह्यातील आमच्या शिवारात लावलेल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या पानाचे काम आता पावसाच्या खंडापर्यंत आले आहे. पेरणीनंतर सोयाबीनला किती दिवस ताण बसला, हे दोन तारखांच्या वजाबाकीतून काढायचे असल्यामुळे जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या प्रोग्रामिंग भाषेत तारीख साठवणारे डेट ऑब्जेक्ट साध्या मूल्यात, म्हणजे आकड्यात किंवा मजकुरात, कसे बदलते, ते आधी नीट तपासून घेतले.

वजाबाकीला आकडाच लागतो आणि तारखेचा आकडा म्हणजे १९७० च्या सुरुवातीपासूनचे मिलिसेकंद, म्हणून २८ जुलैमधून १० जुलै वजा केली की १,५५,५२,००,००० मिलिसेकंद मिळतात आणि एका दिवसाच्या ८,६४,००,००० ने भागल्यावर १८ दिवसांचा खंड हाती येतो. बेरजेचे गणित निराळे आहे. इतर ऑब्जेक्ट साधारणपणे आधी आकडा होऊ पाहतात, डेट मात्र आधी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, होते. त्यामुळे तारखेत एका दिवसाचे मिलिसेकंद मिळवले, तर दुसरा दिवस न उजाडता वार, महिना आणि वेळ असलेल्या मजकुराच्या शेपटीला ते आकडे चिकटतात. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीपासून हा अपवाद सिम्बॉल डॉट टूप्रिमिटिव्ह या, साधे मूल्य ठरवणाऱ्या मेथडमध्ये नोंदलेला आहे, पण वागणूक त्याआधीचीच.

तारीखच ‘की’ म्हणून, म्हणजे नोंद शोधायचे नाव म्हणून, वापरली, तर तिथेही स्ट्रिंगच होते आणि तिची सुरुवात इंग्रजी वाराने होत असल्याने अक्षरक्रम लावताच सगळे शुक्रवार वर येतात. पावसाच्या तक्त्यात हे चालण्यासारखे नाही. एकाच क्षणाच्या दोन डेट दुहेरी बरोबर-चिन्हाने तपासल्या, तरी त्या वेगळ्याच ठरतात. म्हणून मी सर्वत्र तारखेचा आकडा देणारी गेटटाइम ही मेथड लिहितो. एकच अधिक-चिन्ह पुढे लावूनही आकडा मिळतो, पण वाचणाऱ्याच्या ते लक्षात येईलच असे नाही.

वर्ष-महिना-दिवस एवढीच स्ट्रिंग दिली, तर ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच, धरली जाते. वेळ जोडली आणि ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, दिला नाही, तर स्थानिक वेळ धरली जाते. दोन्ही प्रकार एकत्र आले की १,९८,००,००० मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणून सर्व नोंदी पहिल्याच प्रकारात ठेवल्या आहेत. १९७० पूर्वीच्या तारखा तपासण्यासाठी मुक्तिसंग्राम दिनाची, १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख दिली, तेव्हा उणे ६,७१,८४,६४,००,००० हे अपेक्षित उत्तर आले. आता रिकाम्या नोंदीतून येणारा नॅन, म्हणजे ‘हा आकडा नाही’ असे सांगणारे मूल्य, भागाकारापूर्वीच अडवायचा आहे.