‘घेर आणि उंची जुळत नाही’ म्हणून तक्ता तीनदा परत आला

हरसूलकडच्या उतारावरचं मिश्र जंगल आणि त्याला लागून असलेले शेतबांध, दोन्हीकडची झाडं मोजून तक्ता द्यायचा होता. घेर घेण्यात काहीच अडलं नाही. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, टेप धरायची, उतारावर वरच्या बाजूने मोजायचं, घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. अडलं ते कार्यालयात. तक्ता तीनदा परत आला आणि तिन्ही वेळा शेरा तोच: ‘घेर व उंची जुळत नाही.’

तपासणाऱ्यांकडे दाट जंगलातल्या सागावरून काढलेला एक आलेख होता. घेर पाहायचा, आलेखावर उंची शोधायची, फरक दिसला की ओळ लाल. बांधावरचं जांभूळ, घेर १५७ सेंमी म्हणजे व्यास ५० सेंमी, उंची ११ मीटर: लाल. जंगलाच्या आतल्या भागातला ऐन वृक्ष व्यासाने त्याच्या निम्मा, २५ सेंमी, पण उंची १७ मीटर: तो मात्र पास. दोन्ही आकडे खरे होते.

दाटीत वाढणारं रोप आधी उजेडाकडे धावतं. खोड बारीक, शेंडा वर, फांद्यांचा पसारा अरुंद. जंगलाच्या छतापर्यंत, म्हणजे वरच्या शेंड्यांच्या थरापर्यंत पोचलं की उंचीची वाढ मंदावते, पण घेर आणि पसारा वाढतच राहतात. म्हणून घेर-उंचीची रेघ सरळ जात नाही, पुढे आडवी होत जाते. बांधावरच्या झाडाला चारी बाजूंनी ऊन मिळतं, वर धावायची गरज नसते आणि वारा थेट लागतो. ते खोड जाड करतं, फांद्या पसरवतं, उंचीला बेताचं राहतं. भाराचा हिशोबही आहेच: स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून उंची दुप्पट झाली तर खोडाचा व्यास साधारण २.८ पट लागतो. एकाच आलेखात ही दोन्ही झाडं बसणं शक्य नाही, आणि हे समजावण्यात माझे तीन फेरे गेले याचा राग अजून आहे.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. पहिल्या तक्त्यात काही उंच्या खरोखरच चुकल्या होत्या, आणि त्या सगळ्या रुंद पसाऱ्याच्या झाडांच्या. कोन मोजून उंची काढताना नजर शेंड्यावर हवी. पसरट झाडात मात्र आपल्या बाजूची फांदीच शेंड्यासारखी दिसते. खोडापासून २० मीटरवर उभं राहिलात, कोन ४५ अंश आला (म्हणजे डोळ्यापासून वरची उंची अंतराएवढीच), डोळा १.५ मीटरवर, तर तक्त्यात २१.५ मीटर पडतात. पण दिसलेली फांदी खोडापासून ६ मीटर आपल्या बाजूला असेल, तर तिची उंची १५.५ मीटरच. खरा शेंडा त्याहून थोडा वर असू शकतो, पण २१.५ मीटर नक्की नाही. उपाय म्हणजे झाडाच्या अंदाजे उंचीच्या दीडपट तरी लांब जा आणि दोन वेगवेगळ्या दिशांनी मोजा. उंची पानगळीत मोजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, ऐन उघडे पडले की शेंडा स्पष्ट दिसतो.

उतारावर अंतर टेपने जमिनीलगत घेतलं असेल तर तेही सुधारून घ्या. २० अंशांच्या उतारावर टेपचे २० मीटर म्हणजे आडवे १८.८ मीटरच.

पसारा मात्र पावसाळ्यानंतर, पानं भरलेली असताना घ्या. कडेखाली उभं राहून ओळंबा वर धरायचा. सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास, दोघांची सरासरी.

उंचीबद्दल एवढा आग्रह का? झाडाचं वजन काढताना व्यासाचा वर्ग, उंची आणि लाकडाची घनता यांचा गुणाकार येतो. उंची २० टक्के चुकली की वजनही जवळपास तेवढंच चुकतं. व्यासाची १० टक्के चूकही तिथपर्यंतच नेते.

चौथ्यांदा मी एक रकाना वाढवला: ‘दाट, कडेचं, मोकळं’. प्रत्येक गटाचा घेर-उंची आलेख वेगळा काढून जोडला. पसाऱ्याचा व्यास भागिले खोडाचा व्यास हेही शेजारी लिहिलं, मोकळ्या झाडांचं वेगळेपण तिथे लगेच दिसतं. ओळी लाल झाल्या नाहीत आणि तक्ता त्याच दिवशी घेतला. तुम्ही हा रकाना पहिल्या दिवसापासूनच ठेवा, नंतर आठवून भरता येत नाही.

राहिलंच: बुंध्याला पाखे, म्हणजे पंखांसारखे आधार, फुटलेली काटेसावर असेल तर १.३७ मीटरचा हट्ट सोडा. पाखे संपतात तिथून ३० सेंमी वर घेर घ्या आणि कुठे घेतला ते शेऱ्यात लिहा. छातीखाली दुभंगलेलं खोड असेल तर दोन झाडं म्हणून नोंदवा.