कॉर्बिन्स कोव्हचा बंकर आणि आईचे प्रश्न

नागपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे आमचा फुटाळा तलावच, फक्त पलीकडचा काठ दिसत नाही. आई एकाहत्तर वर्षांची. तिनं आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला होता, दादर चौपाटीवर, तोही ओहोटीला. म्हणून जानेवारीत अंदमान ठरलं. बॅगेत चिवडा, शंकरपाळे आणि संत्रा बर्फीचे चार डबे. (2024 पासून पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण ऑटोवाल्यांच्या तोंडी जुनंच आहे.)

सेल्युलर जेलबद्दल लिहीत नाही. सावरकरांच्या कोठडीबाहेर आईनं चप्पल काढली, हात जोडले, इतकंच. मराठीत त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीबद्दल.

पोर्ट ब्लेअरजवळच्या कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्याला जाणारा रस्ता समुद्राला लागून जातो. त्या काठानं जुने बंकर आहेत, अर्धे जमिनीत गेलेले सिमेंटचे ठोकळे, समुद्राकडे एक आडवी फट. मी वाकून आत पाहिलं. चिप्सची पाकिटं, ओल, आणि वास.

"काय पाहून राहिला रे? संडास होय का तो?"

"जपान्यांचा बंकर आहे, आई."

"जपानी इथं कशाले आले होते?"

मला नीट सांगता येईना. शाळेत अंदमान म्हणजे काळं पाणी आणि 30 डिसेंबर 1943 ला नेताजींनी फडकावलेला तिरंगा. मधलं काहीच नाही. रात्री हॉटेलात वाचत बसलो. 23 मार्च 1942 ला जपानी उतरले आणि ऑक्टोबर 1945 पर्यंत राहिले. साडेतीन वर्षं. एका साम्राज्याच्या तुरुंगात दुसऱ्यानं आपले कैदी भरले. इंडियन इंडिपेंडन्स लीगचे डॉ. दिवाण सिंग त्याच सेल्युलर जेलमध्ये छळ होऊन जानेवारी 1944 मध्ये गेले. म्हणजे तिरंगा फडकला तेव्हा ते आतच होते.

रॉस बेटावर आई रमली. 1941 च्या भूकंपापर्यंत इंग्रजांचा कारभार या बेटावरून चालायचा. आता चर्चच्या भिंतींना वडाची मुळं घट्ट धरून बसलीत आणि हरणं माणसांच्या पिशव्या हुंगतात. एका हरणानं आईच्या पदराचं टोक चावलं. जेट्टीजवळ इथंही जपानी बंकर. आई आता ते लांबूनच ओळखू लागली होती.

नील बेटावर किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. "रामटेकच आहे हे," म्हणाली, आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून माझा हात न धरता चालली. गुडघ्यांचं दुखणं नागपूरलाच राहिलं असावं.

हॅवलॉकला मात्र माझा मूड गेला होता. आदल्या रात्री वाचलं होतं की ऑगस्ट 1945 मध्ये, बेटावर खायला उरलं नव्हतं तेव्हा, जपान्यांनी शेकडो लोकांना शेती करायला नेतो म्हणून बोटींत भरलं आणि हॅवलॉकजवळ समुद्रात ढकललं. बहुतेक जण बुडाले. जे किनाऱ्याला लागले, त्यांतले बरेचसे भुकेनं मेले. राधानगरची वाळू पिठीसारखी आहे, पाणी हिरवं, जिकडेतिकडे हनिमूनची जोडपी. आई पाचवारी वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती आणि लाट आली की लहान पोरीसारखी ओरडत होती. तिला नाही सांगितलं.

शेवटच्या दिवशी टॅक्सीवाल्याला हम्फ्रेगंजला न्यायला सांगितलं. "वहाँ कोई नहीं जाता," तो म्हणाला. 30 जानेवारी 1944 ला, हेरगिरीच्या संशयावरून, जपान्यांनी तिथं 44 जणांना गोळ्या घातल्या. तिरंगा फडकवल्याला बरोबर एक महिना झाला होता. त्यांचं स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. टॅक्सीवाला म्हणाला, त्याची आजी सांगायची, धावपट्टीसाठी जपानी घराघरातून माणसं दगड फोडायला न्यायचे. आई हिंदी ऐकत होती.

"म्हणजे इंग्रज गेले म्हणून खुश झाले असतील हे लोक, अन् मंग..." पुढचं तिनं सोडून दिलं. उरलेला बर्फीचा डबा तिनं टॅक्सीवाल्याच्या हातात ठेवला. "लेकरांसाठी ने बापा," मराठीतच.

परत येताना साडेपाचलाच अंधारून आलं. बेटं इतकी पूर्वेला, पण घड्याळ नागपूरचंच. बहिणीचा फोन आला.

"अगं, इथं दिवे लागले," आई म्हणाली.

"काही पण काय? इथं अजून अंगणात ऊन आहे. वाळवण उचलायचंय."