तिसरी स्लाइड

मार्च महिन्यातली गोष्ट. गोव्यात मांडवीच्या जेट्टीवर 22 फुटी फायबरची शिडाची बोट लागली तेव्हा मेनसेल (मुख्य शीड) बूमवर (शिडाखालच्या आडव्या दांड्यावर) दोरीने कसंतरी बांधून आणलेलं होतं. आदल्या दुपारी आग्वादच्या टोकाबाहेर वायव्येचा वारा चढला, रीफ लावायला (शीड थोडं खाली घेऊन लहान करायला) घेतला आणि शीड डोलकाठीपासून सुटत गेलं. मालकांचं म्हणणं ठाम होतं, "स्लाइड खराब निघाल्या. दोन वेळा बदलून झाल्या. या खेपेला चांगल्या प्रतीच्या टाका."

ज्यांनी शिडाची बोट जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेनसेलची पुढची कड डोलकाठीला नायलॉनच्या छोट्या स्लाइडनी धरलेली असते. या स्लाइड डोलकाठीच्या मागच्या खोबणीत वर-खाली सरकतात. त्या आत घालता याव्यात म्हणून खोबण एका ठिकाणी रुंद कापलेली असते, तिला गेट म्हणतात. शीड उतरवल्यावर स्लाइड गेटातून बाहेर पडू नयेत म्हणून गेटाच्या वर बोटाने आवळायचा एक स्टॉपर बसवतात. रीफ लावताना शीड खाली घेऊन त्याच्या पुढच्या कडेवरचं एक कडं खालच्या हुकात अडकवतात.

सुटलेल्या स्लाइड एकेक करून पाहिल्या. खालच्या तिन्ही धडधाकट, त्यांना शिडाशी जोडणारी कापडी पट्टीही शाबूत. चौथीची पट्टी शिवणीतून उपटलेली. पाचवीची नायलॉनची मान तुटलेली. तुटण्याची सुरुवात खालून झाली असती तर पहिल्या तिघींवर खूण दिसली असती. त्या न तुटताच बाहेर आल्या होत्या.

खलाशीकाकांना विचारलं, "काका, स्टॉपर कुठे आहे?"

"खिशात. काढल्याशिवाय रीफचं कडं हुकापर्यंत येतंच नाही, साहेब."

काकांची चूक नव्हती. टेप घेऊन रीफच्या हुकापासून वर मापं घेतली. गेट 30 ते 38 सेंमी. स्टॉपर 40 वर. शीड पूर्ण चढवलेलं असताना स्लाइड 50, 110, 170, 230, 290 अशा. पहिल्या रीफचं कडं 130 वर. स्लाइडची लांबी 5 सेंमी. शीड खाली घेतलं की पहिल्या दोन स्टॉपरवर एकावर एक बसतात, म्हणजे दुसरीचा मध्य 48 च्या आसपास. कडं तिच्यापासून 20 सेंमीवर शिवलेलं. ते 28 सेंमी वरच लटकणार, हुकाला लागणं शक्यच नाही. म्हणून स्टॉपर निघाला, दोन स्लाइड गेटातून खाली गळल्या, कडं हुकात बसलं.

खरी गोम तिसऱ्या स्लाइडची. कडं हुकात असताना ती बरोबर 40 वर येते. तिचं खालचं टोक 37.5 वर, म्हणजे अर्धा सेंटिमीटर आधीच गेटात. रीफ लावताना हॅलयार्ड (शीड चढवायची दोरी) गरजेपेक्षा चार बोटं जास्तच सैल सोडला जातो, नाहीतर कडं हुकात अडकवता येत नाही. तेवढ्यात ती साडेचार सेंटिमीटर घसरली की पूर्ण गेटासमोर येते आणि बाहेर. फडफडत्या शिडात ते कुणाला दिसत नाही. मग हॅलयार्ड ताणला जातो, हुकापासून वर एक मीटर कड मोकळी राहते आणि तिचा सगळा झटका चौथीवर. ती गेली की पाचवीवर. याआधी दोनदा स्लाइड बदलल्या गेल्या, पण एकदाही कुणी टेप लावली नव्हती. कसल्याही महागड्या स्लाइड घातल्या असत्या तरी हेच झालं असतं.

उपाय ठरला: गेट बंद करायचं, स्टॉपर खाली हुकापासून 4 सेंमीवर न्यायचा. मग पहिल्या दोन स्लाइड 6.5 आणि 11.5 वर बसतात, कडं आरामात हुकाला येतं आणि तिसरी 40 वर राहिली तरी तिला पडायला जागा नाही.

खोबणीचं तोंड 5 मिमी, आतली रुंदी 11, गेटची रुंदी 16, सगळं व्हर्नियरने. 316 स्टेनलेसच्या 3 मिमी जाडीच्या दोन पट्ट्या कापल्या, प्रत्येकी 14 सेंमी लांब, 2 सेंमी रुंद, म्हणजे गेटच्या वर-खाली तीन-तीन सेंमी पकड. त्याहून पातळ पट्टीत एम5 सीएसके (5 मिमी जाडीच्या, डोकं पृष्ठभागाशी सपाट बसणाऱ्या) स्क्रूचं डोकं पूर्ण बसत नाही. भोकं खोबणीच्या मध्यापासून 13 मिमीवर, 4.2 चा ड्रिल, आटे पाडायला 0.8 चा टॅप. पूर्वी कुणीतरी 6 मिमीवर ड्रिल करून ठेवलं होतं. त्या स्क्रूचं टोक खोबणीच्या कडेला डोकावत होतं आणि स्लाइडच्या बाजूला ओरखडे काढत होतं. मापं न घेता ड्रिल हातात घेणाऱ्यांचा राग येतो तो यासाठी. आमचे स्क्रू 10 चे आणून 7 वर कापले आणि कानस मारली, कारण हॅलयार्ड डोलकाठीच्या आतून जातो आणि उघडं टोक त्याला घासत राहतं.

पट्ट्या लावून स्लाइड ओढली तर ती गेटजवळ अडकली. डोलकाठीची भिंत 3 मिमी, पट्टी तिच्या बाहेरून बसलेली. तेवढ्या खोलीत स्लाइड तिरपी होऊन खोबणीच्या खालच्या कडेला टेकत होती. म्हणून प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूला 3 मिमी जाड, साडेपाच रुंद, 8 सेंमी लांब अ‍ॅल्युमिनियमची भरणी इपॉक्सी आणि 2.4 च्या दोन रिव्हेटनी बसवली, रिव्हेटची डोकी सपाट घासली. गेटची पोकळी आता आतून भिंतीशी एकसमान झाली. कडा आधी कानसने, मग 400 च्या पॉलिश पेपरने गोल केल्या. बोट फिरवल्यावर सांधा कळला नाही तेव्हाच स्लाइड ओढून पाहिली. नुसती पट्टी ठोकून काम संपलं म्हणणारे हीच पायरी सोडतात.

रिव्हेटनेच पट्ट्या पक्क्या करा असा मालकांचा आग्रह होता. नाही म्हटलं. आपल्याकडे पावसाळ्याआधी शीड उतरवावंच लागतं; पट्ट्या काढता आल्या पाहिजेत. पण स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या हवेत एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू आट्यांत जाम होतो. म्हणून पट्टीखाली प्लास्टिकचा पातळ पत्रा आणि प्रत्येक स्क्रूला पिवळी क्रोमेट पेस्ट. दरवर्षी मे महिन्यात स्क्रू काढून नवीन पेस्ट लावायची, हे बोटीच्या वहीत लिहून दिलं.

दुसऱ्या रीफचं कडं 250 वर आहे. तिथे चार स्लाइड रचल्या जातात, चौथीचा मध्य 21.5 वर, कडं तिच्यापासून 20 सेंमीवर. दीड सेंटिमीटर कमी पडतं. कापडाची घडी धरली तर त्याहून जास्त. तिथे कड्यातून जाड कापडी पट्टी ओवून दोन्ही बाजूंना स्टेनलेसची एकेक रिंग शिवली. आता रिंग हुकात जाते, कडं वर राहिलं तरी चालतं. सगळ्या स्लाइड कापडी पट्टीने, मेण लावलेल्या पॉलिस्टर दोऱ्याने हाताने शिवल्या. खोबण गोड्या पाण्याने धुतली तर लाल धुळीचा आणि मिठाचा गाळ निघाला. त्यावर कोरडा सिलिकॉन स्प्रे मारला. ग्रीस कुणी लावू नये, त्यात हीच धूळ रुतून बसते.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. डोलकाठी बनवणारा गेट कापतो, शीड शिवणारा रीफचं कडं ठरवतो, स्टॉपर लावणारा तिसराच. तिघांनीही एकाच हुकापासून मापं धरली असती तर तिसरी स्लाइड अर्धा सेंटिमीटर गेटात आलीच नसती. शिवणाऱ्याने ती फक्त 6 सेंमी वर शिवली असती तरी रीफ लावताना इतकी सहज सुटली नसती. पण त्याला गेट कुठे आहे हे कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

शेजारी उभ्या तशाच दोन बोटींवर मापं घेतली. एकीचं गेट हुकालगत आहे, तिला धोका नाही. दुसरीचं 34 ते 42, आणि पहिल्या रीफला तिची तिसरी स्लाइड 41 वर येते. मालक शनिवारी येणार आहेत. तोवर रीफ लागेल अशा वाऱ्यात ती काबोच्या (नदीच्या मुखाजवळच्या टोकाच्या) पुढे नेऊ नका, असा निरोप खलाशाला दिला आहे. पट्ट्या कापायला घेतल्या आहेत.